भावाचा चेहरा

"पूर्ण काढायची?" रामूनं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा रविंद्रनं आरशातूनच मान हलवली. डहाणू स्टेशनसमोरच्या त्या सलूनमध्ये तो कॉलेजात असल्यापासून येत होता, आणि एवढ्या वर्षांत रामूच्या कात्रीनं त्याच्या मिशीला कडेकडेनं शिस्त लावण्यापलीकडे काही केलं नव्हतं. रामूनं ब्लेड बदललं, फेस लावला, आणि मग त्याचा हात घुटमळला. "घरात काही..." तो हळूच म्हणाला. "नाही, असंच," रविंद्र म्हणाला. घरात जे व्हायचं ते जानेवारीतच झालं होतं. धाकट्या भावासाठी थोरल्यानं मिशी उतरवायची रीत नाही, म्हणून ती तेव्हा राहिली होती, आणि आता एप्रिल सरत आला होता. वस्तरा एका बाजूनं सरकला. रामूनं तेवढाच भाग टॉवेलनं टिपला, ब्लेड धुवायला तो बेसिनकडे वळला, आणि तेवढ्या वेळात आरशात दोन माणसं दिसली. एका बाजूला पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळसर झालेला, पेपरात नोकरी करणारा रविंद्र. दुसऱ्या बाजूला, नाकपुडीपासून खाली ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, दिपक. ओठाचा तो किंचित वर ओढलेला कोपरा मिशीखाली आपल्याकडेही आहे हे रविंद्रला ठाऊकच नव्हतं. तो कोपरा दिपकचा, असंच तो आजवर धरून चालला होता. दिपक खोटं बोलायचा तेव्हा तिथंच कळायचं. "थांब जरा," तो म्हणाला. रामू थांबला. पंखा फिरत होता, बाहेर रिक्षावाले घोलवड-बोर्डी ओरडत होते, आणि रविंद्र अर्ध्या फेसासकट आरशात बघत राहिला. उरलेली अर्धी ठेवावी, असं काहीतरी वेडगळ त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं डोळे मिटले आणि हातानंच चालू दे म्हणून खूण केली.

सलूनच्या बाकावर बुधवारचा पेपर पडला होता. त्याच्या आतल्या पानावर 'तळहातावरचं जग' हे त्याचं सदर होतं, आणि त्यावर त्याचा मिशीवाला फोटो. दर बुधवारी तो मोबाइलच्या त्या एका मोठ्या कंपनीबद्दल काही ना काही लिहायचा. इतर कंपन्यांबद्दलही लिहायचा, पण वाचक विचारायचे ते हिच्याबद्दलच. विकत घेणारे दहा असले तरी वाचणारे हजार. कंपनीचा कार्यक्रम असला की डेस्कवरून फोन यायचा. कंपनीचा साहेब काळ्या रंगमंचावर चालत येतो, त्याच्या मागे भिंतीएवढा फोन फिरत राहतो, टाळ्या वाजतात, आणि साता समुद्रापलीकडचं ते सगळं इंग्रजीतून वाचून रविंद्र त्याचं मराठी करायचा. तिकडच्या लोकांची मतं वाचून त्यांतलं एक आपलं म्हणून धरायचा. आठवडाभरानं ते खरोखर आपलंच वाटायचं. कंपनीचा एकही फोन त्यानं कधी वापरला नव्हता. मजकुरात पहिल्यांदा तो तिचं नाव लिहायचा, नंतर नुसतं 'कंपनी'. झाईला, त्याच्या गावात, कंपनी म्हणजे वापी-उंबरगावची कंपनी, जिथं पोरं पाळीवर जातात. त्यामुळे आपला मुलगा वापीच्या कुठल्याशा कारखान्यावर लिहितो, आणि बऱ्याच जोरात लिहितो, असं आईला कैक वर्षं वाटत होतं. ती मासळी विकायला बोर्डीच्या बाजारात बसायची तेव्हा बायकांना सांगायची, "आमचा रवी कंपनीच्या विरुद्ध लिहितो." कधी त्यानं कंपनीची तारीफ केली असली, तर शेजारची जमना तेही तिला वाचून दाखवायची. मग आई जरा हिरमुसायची.

दोन लेख त्याचे बरेच गाजले होते. गाजले म्हणजे पालघरपासून तलासरीपर्यंत चार-दोन लोकांनी थांबवून विषय काढला. पहिला बराच जुना. परदेशात कुठं तरी पोलिसांनी एका मेलेल्या माणसाचा फोन उघडून मागितला, आणि कंपनीनं नाही म्हटलं. तेव्हा रविंद्रनं लिहिलं होतं की माणूस गेला तरी त्याचं कुलूप त्याचंच राहतं, आणि त्या कुलपाचा मान राखणारं कोणी जगात आहे ही दिलाशाची गोष्ट आहे. 'दिलाशाची' हा शब्द त्याला खूप वेळानं सुचला होता आणि सुचल्यावर तो खूश होऊन चहा प्यायला बाहेर पडला होता. दुसरा लेख गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आधीचा. कंपनीनं चेहरा ओळखून उघडणारा फोन आणला होता, आणि कुणा भावानं भावाचा फोन नुसतं तोंड दाखवून उघडल्याची बातमी आली होती. त्यावर त्यानं थट्टा केली होती. शीर्षक होतं 'भावाचा चेहरा'. कंपनीला अब्जावधी माणसं वेगळी करता येतात, पण एका आईच्या पोटची दोन येत नाहीत, असं काहीसं. तो लेख वाचून दिपकनं अच्छाडहून फोन केला होता. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "रव्या, माझ्याकडे तोच फोन आहे ना. गणपतीला ये, बघूया तुझं खरं का कंपनीचं." दिपक गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या टपरीवजा ऑफिसात कामाला होता. गाड्यांचे कागद घेऊन तो दिवसभर काउंटरांवरून काउंटरांवर पळायचा, आणि वापीहून कुणाचा तरी वापरलेला तो फोन त्यानं हौसेनं घेतला होता. त्या फोननं तो फोटो काढायचा, दिसेल त्याचे, विचारून न विचारून.

गणपतीत, आरती झाल्यावर, दोघं ओटीवर बसले होते. आई पातोळ्या वाफवून तिथंच टेकली होती. दिपकनं फोन रविंद्रच्या तोंडासमोर धरला. फोन हलला, नाही म्हणाला. परत धरला. परत नाही. दिपकनं त्याचं तोंड हनुवटीला धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं, केस खाली ओढले, आणि शेवटी त्याच्या मिशीवर टिचकी मारून म्हणाला, "ही नडते. ही काढ, मग बघ कसा गुमान उघडतो." आई हसली होती. रविंद्रही हसला होता, पण थोडा चिडलाही होता, कारण आपला लेख खोटा ठरला असं त्याला वाटलं. "एका बातमीवर सगळं सिद्ध होत नसतं," असं काहीतरी तो मोठ्या भावाच्या आवाजात बोलला. दिपक म्हणाला, "तेच तर. तू काढ ना, आपण सिद्ध करू." मग कुणीतरी भजनाला हाक मारली आणि दिपक उठून गेला. त्या संध्याकाळचं त्याला आता एवढंच आठवायचं. हनुवटीवरची ती बोटं, जरा डिझेलचा वास असलेली, आणि आपण उगाच चिडलो ते.

जानेवारीत, सकाळच्या धुक्यात, नाक्यावर एक ट्रेलर मागं येताना दिपक त्याच्या आणि दुसऱ्या गाडीच्या मध्ये सापडला. हातात कागद होते. तलासरीच्या हॉस्पिटलात त्याचे कपडे, पट्टा आणि फोन एका पिशवीत घालून दिले. काच एका कोपऱ्यात तडकली होती, एवढंच. घरी आणेपर्यंत फोनचं चार्जिंग संपून तो बंद पडला होता. दिवसकार्य झाल्यावर आईनं तो चार्जिंगला लावला आणि तो सुरू झाला, पण आत जाऊ देईना. सहा आकडे मागत राहिला. ते आकडे कुणाला माहीत नव्हते. फोन आलेला मात्र कुलूप असूनही घेता यायचा, आणि पहिले काही आठवडे फोन यायचे. राजस्थानचे, पंजाबचे, मध्य प्रदेशचे ड्रायव्हर. नाक्याजवळ आले की दिपकला फोन लावायची त्यांची सवय. आई उचलायची. "दिपकभाई?" असं पलीकडून आलं की ती तिच्या मोडक्या हिंदीत सांगायची, "वो काम पे गया." एकदा रविंद्र समोर बसलेला असताना तिनं तसं सांगितलं, फोन ठेवला, आणि सुकत घातलेले बोंबील उलटायला बाहेर गेली. त्यानं विचारलं नाही. मग दिपकच्या सिमचा रिचार्ज संपला. रविंद्रला तो भरता आला असता. आईला यातून सुटका हवी, असं त्यानं स्वतःशी ठरवलं, बायकोला, निलमलाही तसंच सांगितलं, आणि भरला नाही. फोन यायचे थांबले. त्यानंतरच आईनं धरून बसायला सुरुवात केली की फोन उघडायला पाहिजे. आत दिपकचे व्हिडिओ आहेत. त्यात तो बोलतो.

"तू त्यांच्यावर इतकी वर्षं लिहितोस," ती म्हणाली होती. "मग सांग ना त्यांना. ओळख देतील की." वापीचा कारखाना आणि ही कंपनी वेगळी हे तोपर्यंत तिला कळलं होतं, पण लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिलं जातं तो, हे एकमेकांना ओळखत असणारच, हे तिच्या मनातून जात नव्हतं. बाजारात रोज ज्याच्या नावानं ओरडावं तो निदान मान वर करून बघतो. रविंद्रनं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. एक मुलगी अतिशय गोड हिंदीत बोलली. भाऊ गेल्याचं ऐकून तिनं दुःख व्यक्त केलं, आणि ते तिला खरंच वाटलं असावं. पण कुलूप आमच्यानंही उघडत नाही, ती म्हणाली, ते तसंच बनवलंय. कागद आणलेत तर फोन पुसून कोरा करून देता येईल, मग दुसऱ्या कोणाला वापरता येईल. "आपको और कोई सहायता चाहिए, सर?" फोन ठेवल्यावर त्याला आपला तो जुना लेख आठवला. कपाटातून कात्रण काढून त्यानं वाचला. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. त्यात कुठंही चूक काढता येत नव्हती, आणि वाचून झाल्यावर त्यानं ते कात्रण जागेवर ठेवलं. आता लिहायचं झालं तर उलटं लिहू का, असा विचार केला तर तेही त्याला जमेना. दिपकचं कुलूप दिपकचंच होतं. फक्त त्यात दिलाशाचं काय होतं, ते त्याला कळेनासं झालं होतं.

मग परवाच्या रविवारी आई म्हणाली, "तो म्हणाला होता ना, मिशी काढ म्हणून." ती विळीवर बसली होती, मान वर न करता बोलत होती. "मिशी काढलीस की उघडेल म्हणाला होता. तुमची तोंडं एकच आहेत. तुझा लहानपणचा फोटो बघून, हा दिपकच, असं मी कितीदा फसायचे." रविंद्रला माहीत होतं की काही उपयोग नाही. फोन एकदा पूर्ण बंद पडून परत सुरू झाला की तो चेहरा मानतच नाही, आधी आकडे मागतो, चेहरा त्यानंतर. हा नियम त्यानं स्वतःच मराठीत आणला होता, सोप्या शब्दांत, चौकटीत. आता खुद्द दिपक येऊन समोर बसला असता तरी आकडे दिल्याशिवाय फोननं त्याला आत घेतलं नसतं. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "गुरुवारी येतो." रात्री त्यानं हे निलमला सांगितलं. निलम कोसबाडच्या शाळेत शिकवायची, आणि वर्गात असो की घरी, तिला धूसर बोललेलं चालायचं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहितीय की तो उघडणार नाही."

"हो."

"तरी मिशी काढणार."

"हो."

"आईंना खरं सांगा ना. आशा लावायची आणि मग तोडायची, हे कशाला?"

नकार आपल्या तोंडून जाण्यापेक्षा यंत्राकडून गेलेला बरा, असा भित्रा हिशेब त्यात होता, हे त्याला दिसत होतं. पण तेवढंच नव्हतं. खोल कुठं तरी, नियम माहीत असूनही, त्याला वाटत होतं की कोण जाणे. कंपनीनं आजवर काय काय चुका केल्या, त्या सगळ्या त्यानंच तर लिहिल्या होत्या. आणखी एक चूक. आपल्यासाठी एक.

"मला नाही पटत," निलम म्हणाली, आणि दिवा घालवला. पण गुरुवारी सकाळी तिनंच त्याला रामूकडे जायची आठवण करून दिली.

झाईच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. वरच्या ओठावर वारा लागत होता, उघड्यावर पडल्यासारखं वाटत होतं, आणि तो सारखा तळहातानं तोंड झाकत होता. चिकूच्या वाड्या मागे पडत होत्या, अधूनमधून सुरूच्या झाडांतून समुद्र दिसत होता, ओहोटीला लांब गेलेला. कंडक्टरनं तिकीट देताना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं त्याला वाटलं. ह्याच बसनं दिपकही जायचा. नरपडच्या पुढे फोन वाजला. शितल होती, डेस्कवरची, त्याच्याहून वयानं लहान पण आता त्याचं सदर बघणारी.

"सर, कंपनीचे आकडे येतायत. फोनची विक्री पुन्हा घसरली म्हणे. उद्या दुपारपर्यंत तुमचं मत मिळेल?"

"काय मत?"

"म्हणजे, लोक जुने फोन का सोडत नाहीत, असं काहीतरी. हलकंफुलकं पण चालेल." मग तिला त्याच्या आवाजात काहीतरी जाणवलं असावं. "सर, तुम्ही बरे आहात ना? नाही तर मी दुसऱ्या कोणाला सांगते."

"देतो," तो म्हणाला. फोन खिशात ठेवला. लोक जुने फोन का सोडत नाहीत. ह्या वाक्याभोवती तो बोर्डीपर्यंत घोटाळत राहिला. तिकडच्या जाणकारांनी कारणं दिली होती, त्यानं ती वाचली होती. किमती वाढल्या, नव्यात नवं काही उरलं नाही, लोक बॅटरी बदलून भागवतात. ती कारणं मराठीत त्याच्या डोक्यात आपोआप वाक्यं होऊन उभी राहत होती, नेहमीसारखी, एकामागून एक. ती थांबेनात तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. माणूस रडतानाही शुद्धलेखन पाळत असेल तर ते कसलं रडणं. पण तो रडतही नव्हता. जानेवारीपासून रडला नव्हता. आई रडली, निलम रडली, दिपकच्या ऑफिसातला मुनीम भिंतीला डोकं टेकून रडला. रविंद्रनं बातमी लिहिली होती. त्याच्याच पेपरात, जिल्हा पानावर, चार ओळी. डेस्कवर कुणालाच माहीत नव्हतं की तो त्याचा भाऊ. आडनाव त्यानं बरोबर आलंय ना, एवढं मात्र तपासलं होतं.

आई ओटीवरच होती. तो अंगणात शिरला तशी ती उठली, आणि मग परत बसली. बांबूंवर बोंबील सुकत होते, सगळ्या आळीला तोच वास. "पाणी पी," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. त्यानं पाणी पिऊन भांडं ठेवलं तोवर ती आतून दिपकचा शर्ट घेऊन आली होती. निळा, चौकड्यांचा, धुऊन इस्त्री केलेला. "हा घाल." आई, शर्टाचा काही संबंध नसतो, तो चेहराच बघतो, असं त्याच्या ओठांवर आलं. त्यानं शर्ट घातला. खांद्यात जरा घट्ट होता. आईनं त्याला दारात उजेडाकडे तोंड करून पाटावर बसवलं, कंगवा आणला, आणि त्याचा भांग मोडून केस दिपकसारखे पुढं आणले. तिची बोटं खारट, भेगाळलेली, कपाळावरून हळू फिरत होती. एवढ्या जवळून तिनं त्याला शेवटचं कधी हात लावला होता ते त्याला आठवेना. शाळेत असेल, ताप आला असेल तेव्हा. नंतर तो मोठा झाला, आणि हात लावून घ्यायला दिपक होताच.

फोन तिनं फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बटण दाबलं तसा उजळला. पडद्यावर दिपकचं असं काहीच नव्हतं, त्यानं ते मूळ चित्रही बदललं नव्हतं. कंपनीनं सगळ्यांना दिलेले तेच रंगांचे लोट, त्यावर वेळ, त्यावर वार. रविंद्रनं फोन तोंडासमोर धरला आणि श्वास रोखला. हा श्वास मात्र खरा होता, आईसाठी नव्हता. तडकलेल्या काचेत त्याला आपलं तोंड पुसटसं दिसलं, आणि त्या तोंडाच्या जागी सहा रिकामे गोल आले. आकडे द्या. त्यानं बटण दाबून परत धरला. मान जरा कलती केली, दिपक करायचा तशी. ओठाचा कोपरा वर ओढला. सहा गोल. बाहेर कुठं तरी होडीचा पत्रा कोणी ठोकत होतं, ते थांबलं, परत सुरू झालं. तिसऱ्यांदा त्यानं फोन धरला आणि त्याच्या लक्षात आलं की आई फोनकडे बघतच नाहीये. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळे न लववता.

"आई," तो म्हणाला. "नाही उघडत."

"हं."

"असाही उघडणार नव्हता. एकदा बंद पडला की चेहरा चालत नाही. मला माहीत होतं."

"जमनाच्या सुनेनं सांगितलं मला," आई म्हणाली. "ती उंबरगावला मोबाइलच्या दुकानात आहे ना. ती म्हणाली, आता तोंडाचा काय उपयोग नाही."

"कधी सांगितलं?"

"होळीच्या आधी."

ठोकणं थांबलं होतं. रविंद्रच्या हातातला फोन आपोआप विझला.

"मग मला कशाला..."

"बोलू नकोस थोडा वेळ," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात गिऱ्हाइकाला थांब म्हणावं तसा. "तू बोललास की रवी होतोस."

तो गप्प बसला. ती बघत राहिली. ऊन पाटावरून सरकून त्याच्या पावलांवर आलं. समोर बसलेली बाई त्याची आई होती आणि तो तिच्यासाठी त्या घटकेला नव्हता, आणि यात त्याला दुखायला हवं होतं. पण दुखण्याऐवजी त्याला लहानपणीसारखी गुंगी आली, कोणी केस विंचरताना येते तशी. इतका वेळ त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. डोळे भरून आले आणि वाहू लागले तरी त्यानं हात वर नेला नाही, कारण हललं तर काहीतरी मोडेल असं त्याला वाटलं. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग तिनं त्याच्या खालच्या ओठाखाली अंगठा ठेवला. "इथं त्याला खूण होती," ती म्हणाली. "होडीच्या नांगरावर पडलेला, तीन वर्षांचा असताना. तुला नाही." असं म्हणून ती उठली, फोन फडक्यात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. आतूनच म्हणाली, "भात टाकते. निलमला बोंबील ने थोडे."

जेवून तो निघाला तेव्हा शर्ट बदलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. बसथांब्यावर सावली एकाच झाडाची, आणि त्या सावलीत रखमी ताडगोळ्यांची पाटी घेऊन बसली होती. ही तलासरीकडच्या पाड्यावरची म्हातारी. ताडगोळ्यांचा हंगाम असला की महिना-दीड महिना झाईत दिसायची, एरवी नाही. तिनं कपाळावर आडवा हात धरून त्याच्याकडे पाहिलं.

"दिपक ना रे तू?"

त्यानं मागं वळून बघितलं. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि त्यानंतरचं सगळंही सांगावं लागलं असतं. "हो," तो म्हणाला.

"वाळलास." तिनं एक ताडगोळा सोलून त्याच्या हातावर ठेवला. "माझा फोटू दे की. गेल्या साली काढलास, कागदावर काढून देतो म्हणालास. नातवाच्या लग्नात सगळ्यांना सांगून बसले मी, फोटू येणार म्हणून."

ताडगोळ्याचं गार पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं. तो फोटो कुठं आहे ते त्याला माहीत होतं. "तो फोन बिघडला, रखमीबाई," तो म्हणाला. "उघडत नाही."

"मग दुसरा काढ." ती उठली, लुगडं झटकलं, पाटी पायानं बाजूला सारली आणि झाडाच्या सावलीतून बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. त्यानं खिशातून आपला फोन काढला, साधा, दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा. फोटो काढला, आणि तिला दाखवला. तिनं तो अगदी नाकाजवळ नेऊन पाहिला.

"हा नको. त्यात मी हसत होते," ती म्हणाली. "तू कायतरी बोललेलास, त्यानं हसू आलं मला. बोल ना तेच."

ती परत जागेवर जाऊन उभी राहिली. लांबून बसचा आवाज येत होता. रविंद्र फोन धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि दिपक इथं, ह्या झाडाखाली, ह्या म्हातारीला काय बोलला असेल ते शोधू लागला. रखमी उन्हात डोळे बारीक करून, तोंडाचं बोळकं आधीच थोडं उघडं ठेवून, हसायला तयार होऊन उभी होती.